सुपारी फुटायच्या आधी

क्रिप्टोच्या कंपनीत काम करणारी गौतमी शनिवारी चांदे गावातल्या घरी आली ती डोळे सुजवूनच. वडिलांनी, साहेबरावांनी, तिला न विचारताच माले गावातलं बागाईतदार स्थळ पसंत केलं होतं आणि उद्या सुपारी फुटणार होती. तिला हवा होता कंपनीतला प्रदीप. त्याच्या घरचे तयार होते, पण हे फक्त आईलाच ठाऊक.

"रडून काय व्हतंय? हापिसात काय चाललंय त्ये सांग," वाल सोलता सोलता गोजराबाई म्हणाल्या.

"एकाचे पैसे गेले, आई. व्यवहार पाठवला की पक्का होईपर्यंत रांगेत थांबतो, सगळ्यांना दिसतो. चोरानं तो बघितला, जास्त फी भरली आणि त्याच्या आधी स्वतःचा घुसवला."

"म्हंजे पक्कं होईस्तवर काय बी खरं न्हाई म्हन की!"

गोजराबाईंनी हात पुसले आणि प्रदीपच्या आईला फोन लावला.



"ताई, माल्याची मान्सं उद्या अकराला यायची हायेत, तुमी नवालाच या. अन् आमच्या ह्यांच्यासाठी भारीतला फेटा आना. डोक्यावर फेटा चढला की त्यांच्या तोंडून न्हाई निघत न्हाई."