पुकारा

"सरका हो जरा, बसू द्या तिला," असं म्हणत हवालदारीणबाई स्वतःच बाकावरून उठल्या आणि ताईला जागा करून दिली. धाकटा भाऊ पिशवी छातीशी धरून तिच्या शेजारी टेकला.

कोर्टाचा व्हरांडा नेहमीसारखाच गच्च भरला होता. पंखा फिरत होता, पण वारा त्याने स्वतःपुरताच ठेवला होता. पाण्याच्या टाकीला साखळी होती, साखळीला पेला नव्हता.

"आज तरी होईल ना हो?" ताईने विचारलं.

"कोर्टाचं काय सांगावं बाई! न्यायाधीश बदलून झाले, समोरच्या वकिलांची आजारपणं झाली. ते आजारी पडतात तेही तारीख बघूनच." हवालदारीणबाई स्वतःच हसल्या. "पण गेल्या खेपेला पुकारा झाला आणि इथून कुणी हललंच नाही. असं करू नये गं. आज शेवटची संधी आहे म्हणे. आज साक्ष झाली नाही, तर केस गुंडाळतील."

"माहीत आहे," ताई म्हणाली.

केस उभी राहिली तेव्हा धाकट्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आज तो दाढी करून आला होता आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. एवढ्या उकाड्यातही त्याने शर्टाचं गळ्याचं बटण लावलं होतं.

दोघं लहानपणी एकाच तलावावर, एकाच सरांकडे पोहायला शिकली. दोघांनी एकाच आठवड्यात पोहणं सोडलं. सर मात्र अजून शिकवत होते. संध्याकाळी त्यांची शिट्टी रस्त्यापर्यंत ऐकू यायची, म्हणून ताई लांबच्या वाटेने घरी यायची.

"घराची अब्रू चव्हाट्यावर आणून मिळालं काय?" आई अधूनमधून विचारायची. मिळालं एवढंच, की ताईचं जमलेलं लग्न मोडलं. केसची कुणकुण त्या लोकांच्या कानावर गेली होती. ताईने एका शब्दाने खुलासा केला नाही. "मोडलं तर मोडलं, पीडा गेली," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी ऑफिसला गेली. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून रडली होती, हे फक्त धाकट्याला माहीत होतं.

सरकारी वकील घाईघाईने आले. तेही नवीनच. हातात फाईल, ती अजून दोरीने बांधलेली.

"घाबरायचं नाही बाई. विचारलं तेवढंच सांगायचं," ते ताईला म्हणाले.

"साहेब, आधी एकदा फाईल वाचा ना."

"अहो, कालच हातात आलीये. वाचतो आत जाऊन." आणि ते गेलेसुद्धा.

"वाचतो म्हणे!" ताई पुटपुटली. तिला आता चिडायचाही कंटाळा आला होता.

तेवढ्यात सर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला वकील. बाकापाशी ते मुद्दाम थांबले. "काय, बरं आहे ना सगळं?" तलावाच्या काठावर उभं राहून विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

 धाकटा अर्धवट उठला. ताईने त्याचं मनगट घट्ट धरलं. "बस. काही करायचं नाही."

"राग गिळ रे बाबा," हवालदारीणबाई म्हणाल्या. "इथे हात उचललास तर बहिणीचंच नुकसान. पण भाऊ असावा तर असा, एक तारीख चुकवत नाही पोरगा."

धाकट्याने मान खाली घातली. सर आत गेले.

"हे बघ," ताई हळूच म्हणाली, "आज जमलं नाही तर नाही. सरळ उठायचं आणि घरी जायचं. पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. कुणी कुणाला दोष द्यायचा नाही."

"आणि ते? शिट्टी वाजवत राहणार? पोरं येतच राहणार?"

 ताईने पदराने त्याच्या हनुवटीवरचं रक्त टिपलं.

दार उघडलं आणि शिपाई बाहेर आला. एरवी तो साक्षीदारांची नावं खणखणीत पुकारायचा. पण अशा केसमध्ये नाव घ्यायचं नाही असा कायदा, म्हणून तो केसचा नंबर पुकारायचा आणि पुढे एकच शब्द जोडायचा. नाव झाकलं जायचं खरं, पण मग अख्खा व्हरांडा माना उंचावून बघायचा, कोण उठतंय ते.

त्याने नंबर पुकारला. "पीडिता हजर आहे का?"

माना वळल्या. सगळ्यांच्या नजरा ताईवर येऊन थांबल्या. ती जमिनीकडे बघत बसून राहिली.

"पीडिताऽऽ! हजर आहे का?"

कुणीतरी कुजबुजलं, "बिचारी." कुणीतरी हसलंही. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती जागची हलली नाही.

शिपाई वैतागून बाकापाशी आला. "अहो बाई, कानांत बोळे घातलेत का? शेवटचं विचारतोय. आत गैरहजर लिहितील, मग बसा रडत. उठा ना!"

"चल गं, मी येते सोबत," हवालदारीणबाईंनी ताईच्या दंडाला धरलं.

धाकट्याने पिशवी ताईच्या मांडीवर ठेवली आणि तो उभा राहिला.

"तिला सोडा," तो म्हणाला. "ती माझ्या सोबतीला आलीय. पीडिता मी आहे."