शेवटचं स्थळ

अदृश्य राहून केलेली सेवा हीच खरी सेवा, असं लग्नं जुळवणाऱ्या वेबसाइटचा प्रोग्रामर मानत असे. म्हणूनच त्याने प्रत्येक स्थळाच्या चौकटीवर लिंकचा एक अदृश्य पडदा अंथरला. आता नेमकं नाव शोधायला नको. चौकटीत कुठेही बोट टेकवलं की माहिती उघडणार. फक्त पडद्याला चौकटीत बांधून ठेवणारी कोडची एक ओळ लिहायची राहिली, आणि सगळे पडदे पानभर पसरले. सगळ्यांत वर आला तो शेवटच्या स्थळाचा, म्हणजे त्याने मालकीणबाईंना न विचारता फुकटात घुसवलेल्या स्वतःच्याच स्थळाचा.

दुपारी बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"कुठेही बोट लावा, तूच! सकाळपासून साऱ्या मुली तुझंच थोबाड बघताहेत. मुद्दाम केलंस ना?"

"आईशप्पथ बाई, चुकून झालं!" नोकरी तर गेलीच, वर गावभर बदनामी. आईला काय तोंड दाखवायचं?

बाईंनी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

 

एकाही मुलीने होकार कळवला नव्हता.