जिन्यात ऐकू येतंय

दिवे मंदावले आणि आईने सवयीने आधी दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. शेजारी बसलेल्या बहिणीने, लेकीच्या मावशीने, तिचा हात दाबला. इथे कुणी येत नाही, निवांत बस, म्हणाली. पण आईचा जीव काही थाऱ्यावर येईना. समोर मंचावर तिची लेक क्लॅरिनेट घेऊन उभी होती, आणि परमुलखातलं ते गच्च भरलेलं सभागृह तिच्याकडे डोळे लावून बसलं होतं.

लेक लहान असताना त्यांच्या लोकांची गाणी वाजवायला बंदी होती. तिचे बाबा तरीही वाजवायचे. एका संध्याकाळी शिपाई त्यांना घेऊन गेले, ते गेलेच. पलंगाखाली ठेवलेली क्लॅरिनेट तेवढी मागे राहिली. ती एक दिवस लेकीच्या हाती लागली. शेगडीत घालावी, असं आईच्या मनात येऊन गेलं. पण पोरीने गाल फुगवून पहिली फुंकर मारली, आणि ती हुबेहूब बापासारखी दिसली. आईचा हात पुढे होईना.

मग लाँड्रीतली इस्त्री उरकून घरी आली की आई खिडक्या लावायची, पोरीला रजईखाली बसवायची आणि स्वतः बाहेर जिन्यात जाऊन उभी राहायची. पुन्हा आत यायची.

"जिन्यात ऐकू येतंय. अजून हळू."

शेजारीण विचारायची, सारखी आत-बाहेर काय करतेस गं? आई सांगायची, पाय आखडतात. आत पोर रडकुंडीला यायची. याहून हळू वाजवलं तर सूरच मरेल, म्हणायची. आईला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. गस्तीच्या बुटांचा आवाज तेवढा कळत होता. ती पुन्हा जिन्यात जायची. हळूहळू पोरीला असं जमलं, की बाहेर दाराला कान लावला तरी चाहूल लागू नये, आणि आत सूर टवटवीत असावा.

पोर वयात आली तशी आईने काळजावर दगड ठेवून तिला सरहद्दीपलीकडे मावशीकडे धाडलं. राजवट कोसळून आईच्या हाती पासपोर्ट पडेपर्यंत लेकीचं नाव देशोदेशी झालं होतं. आईचा ऊर भरून आला होता, पण आत एक सल होता. कोवळ्या वयात आपण पोरीचा श्वास कोंडला. बाप असता तर मोकळं वाजवू दिलं असतं. कार्यक्रम संपला की तिची माफी मागायची, असं तिने विमानातच ठरवून टाकलं होतं.

लेकीने शेवटची धून धरली. आवाज उतरत उतरत इतका बारीक झाला, की वरच्या सज्जातली माणसं कठड्यावर झुकली. कुणी खोकलंसुद्धा नाही. सूर थांबल्यावरही कितीतरी वेळ कुणाला टाळी वाजवायचं सुचलं नाही. मावशी कुजबुजली, इतकं हळू वाजवणारं आज जगात दुसरं कुणी नाही म्हणतात, हेच ऐकायला येतात गं सगळे.

टाळ्या थांबल्यावर लेक तिथल्या लोकांच्या भाषेत चार शब्द बोलली, आईला ते कळले नाहीत. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. मावशी आईच्या कानाशी वाकली.

"ती म्हणतेय, हळू वाजवायला मला कुठल्याच शाळेने शिकवलं नाही. ते ज्यांनी शिकवलं, ते माझे गुरू आज इथे आलेत. आपल्याच रांगेत बसलेत."

आईने लगबगीने कोटाची बटणं लावली आणि मान वळवून दोन्हीकडे पाहू लागली. एवढा मोठा माणूस इतक्या जवळ बसलाय, उठून निदान नमस्कार तरी करायला हवा.