बदल क्रमांक सत्तेचाळीस

"मालूम नाही तं तसं लिही ना. जिता हाये असं काऊन लिहून राह्यली?" ताकाचा पेला खाली ठेवत रमाकांत म्हणाले.

नीरजाने संगणकावरून मान वर केली नाही. तिच्या संस्थेच्या यादीत अकरा हजार कापूस उत्पादकांची नावं होती. संस्थेत कृषी सहायक असताना रमाकांतांनी ती गावोगाव हिंडून वहीत उतरवली होती आणि पुढे तिनेच ती संगणकात चढवली होती. त्यानंतर वहीत झालेल्या खाडाखोडी यादीत आल्या नव्हत्या. गेल्या हंगामात बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली. आता पेरणीआधी संस्था अळीचे पतंग धरणारे सापळे वाटणार होती. त्यासाठी यादीत एक रकाना वाढवायचा होता: हयात. नवा रकाना आला की जुन्या प्रत्येक नावापुढे काहीतरी भरावं लागतं. तिने सरसकट 'हो' भरायचं ठरवलं होतं.

"बाबा, तिथे हो आणि नाही, दोनच चालतात."

"कोणी ठरवलं?"

"मी."

"मंग तिसरं ठेव. 'विचारायचं आहे.'"

"दोन दिवस जातील त्यात. आणि अकरा हजार लोकांना विचारणार कोण?"

"एकदा विचारलंच होतं की," ते हसले. "तवा तं सायकल होती. तेही पंक्चर."

दोन दिवस जाणार नव्हते. तासाभराचं काम होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. यादीच्या रचनेतला प्रत्येक बदल ती वेगळ्या फाईलमध्ये लिहीत असे: क्रमांक, तारीख, करणाऱ्याचं नाव, कारण. एकदा चालवलेली फाईल पुन्हा खोडायची नाही. चुकलं तर पुढचा क्रमांक घालून नवी लिहायची. ही शिस्त तिनेच लावली होती. तिने सत्तेचाळीस क्रमांक घातला आणि बटण दाबलं. चार सेकंदांत अकरा हजार माणसं जिवंत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रमाकांत कोणाला न सांगता बुलढाण्याहून जळगाव जामोदच्या गाडीत बसले. नांदुऱ्याला कंडक्टरने खांदा हलवला तेव्हा ते गेलेले होते. मांडीवर वही होती. सत्तराव्या वर्षी, मे महिन्याच्या उन्हात ते तिकडे कशाला निघाले होते, हे घरात कोणालाच कळलं नाही. "असेल काही काम," नीरजा भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिली. त्यापुढे तिने स्वतःलाही जाऊ दिलं नाही.

चौदाव्या दिवशी ती कामावर गेली. तोवर सापळ्यांचे निरोप सुटले होते. सदतीस घरांत मेलेल्या माणसाच्या फोनवर निरोप आला होता: स्वतः येऊन सापळे घेऊन जावेत. एका गावात संस्थेच्या माणसाला लोकांनी घेरलं होतं. संस्थेचे प्रमुख वामनराव यांनी गावोगाव लावायला एक पत्र तयार केलं होतं. दुपारी बाराला जीप ते घेऊन निघणार होती.

"'आमचे दिवंगत सहकारी रमाकांत यांच्या जुन्या वह्यांतील चुकांमुळे...'" त्यांनी हळू आवाजात वाचलं. "भाषा सौम्यच ठेवलीय, नीरजा. त्यांना आता काय फरक पडतो? संस्था तेवढी वाचते."

बदलांच्या फाईली असतात हेच वामनरावांना माहीत नव्हतं. नीरजा "बरं" म्हणाली. उठली, पाणी प्यायली, परत बसली. सत्तेचाळीस उघडली. पहिल्याच ओळीत तिचं नाव होतं. बंद केली. अठ्ठेचाळीस लिहायला घेतली, तिसरा शब्द अर्धाच टाइप केला. पुन्हा उठली. खिडकीत गेली. जीपचा ड्रायव्हर काच पुसत होता. साडेअकरा झाले होते.

"साहेबाची पोरगी कोन व्हय इथं?"

दारात एक बाई उभी होती. जळगाव जामोदकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून पहाटेच्या गाडीने आलेली. नाव भिमाबाई. हातात नवऱ्याचा, शालिग्रामचा फोन. त्यावर तोच निरोप.

वामनरावांनी लगबगीने खुर्ची ओढली. "माफ करा, ताई. वहीतच चूक होती. रमाकांत साहेबांचं वय झालं होतं, लक्षात राहिलं नाही त्यांच्या."

भिमाबाई बसली नाही. "कायचं वय? आमचे फवारनीच्या इखानं गेले तवा साहेब दिवसभर माह्या वट्यावर बसून व्हते. तोंडाले फडकं व्हतं का, वारं कोनीकडून व्हतं, सारं पुसलं त्यायनं. अन् माह्यासमोर वहीत नावावर रेघ मारली. ते कसे इसरतीन?"

वामनरावांनी पत्र उलटं करून टेबलावर ठेवलं.

भिमाबाई नीरजाकडे वळली. "मी भांडाले नाई आली, बाई. पंधरा दिस झाले, सांजीले साहेबाचा फोन आल्ता. म्हने, उद्या येतो. गावात कोन हाय, कोन नाई, घरोघर जाऊन पुसू. तुम्ही संग चला. म्या चहाचं आधन ठेवलं अन् वाट पायत बसली. ते आलेच नाई. मले वाटलं, इसरले. हे पुसाले आली."

बाहेर जीप सुरू झाली.

"ते निघाले होते, मावशी," नीरजा म्हणाली. "नांदुऱ्यापर्यंत आले होते. तिथेच गेले."

भिमाबाईने पदर तोंडाला लावला. वामनराव काहीतरी बोलायला उठले. नीरजाने त्यांच्याकडे पाहिलं आणि बाहेरच्या ओट्यावरही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"सगळ्यांना जिवंत मी लिहिलं. बाबा फक्त विचारायला निघाले होते."