चौदा चिठ्ठ्या
साठ किलो उतरवले, पण पोटाची लोंबती कातडी रोज पँटीत खोचावी लागायची. ती काढायच्या ऑपरेशनचं विचारलं, तर मेडिक्लेमवाला म्हणतो, "काका, ही हौस झाली!"

उरली सोसायटीची भिशी. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडेच होतं. चौदाच्या चौदांवर मी माझंच नाव टाकलं.

रेवतीवहिनींनी डब्यातून चिठ्ठी उचलली, उघडली, माझ्याकडे बघितलं. मी आधीच हात जोडून उभा!

"अगंबाई, माझंच नाव की!" म्हणत त्यांनी ती चिठ्ठी डब्यातल्या बाकीच्या तेरांसकट पर्समध्ये टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

निघताना त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, चौदाच्या चौदा चिठ्ठ्या जपून ठेवल्यात हं. दर महिन्याला तुम्हीच लिहा. नाव मी सांगेन."