कुसाकांचा जावई

"म्हणजे उद्यापासून माझा मुलगा नील कुसाका?" प्रमोद सबनीसचा आवाज इतका चढला की शेजारच्या आवारातला कुत्रा भुंकायला लागला.

"इट्स जस्ट अ नेम, बाबा."

न्यूझीलंडमधल्या पापाकुरातल्या त्या घरात रविवारची दुपार पार नासली होती. संध्याकाळी कुसाका मंडळी होकार घ्यायला येणार होती. माणसं भली, प्रमोदला आवडायचीसुद्धा. पण नीलची होणारी बायको हारुका ही त्यांची एकुलती एक, आणि जपानात त्यांचा पिढीजात सोया सॉसचा कारखाना. मुलगा नसला की जावयालाच दत्तक घ्यायचं, त्याला आपलं आडनाव द्यायचं आणि घराणं पुढे चालवायचं, ही त्यांची जुनी रीत. हारुकाचे वडील असेच आलेले, आजोबाही. आता पाळी नीलची.

"तिकडे हीप्स ऑफ फॅमिलीज अशाच टिकल्या, बाबा."

"त्यांची टिकू देत, आमची बुडू देत! अरे, घरजावई परवडला. तो निदान बापाचं नाव तरी लावतो!" प्रमोदने भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट दाखवलं. ताटात पसरलेले तांदूळ, त्याच्या हातात अंगठी, शेजारी मान खाली घातलेली सुमेधा. "सबनीसांच्या घरात माणसं येतात. इथून कोणी जात नाही!"

"आई, से समथिंग," नील म्हणाला.

सुमेधा ओट्याशी थालीपीठ थापत होती. "नावात काय एवढं, असंच म्हणतात ना सगळे," ती म्हणाली आणि तवा चढवला.

तेवढ्यात प्रमोदचा फोन वाजला. भारतातला अनोळखी नंबर.

"कलावती आहे का हो?" एका बाईचा आवाज. "मी सुनीता, तिच्या शाळेतली. तिच्या भावानं हा नंबर..."

"इथे कलावती नावाचं कोणी राहत नाही." त्याने फोन सोफ्यावर भिरकावला आणि पुन्हा नीलकडे वळला.

"नाव म्हणजे काय पायातल्या जँडल्स आहेत, दारात काढून आत जायला? बारशाला आडनावासकट तुझ्या कानात सांगितलंय ते! ज्या घराला तुझं नाव नको, त्या घराला तू तरी कशाला हवास?" त्याचे डोळे भरून आले. आपल्यामागे दारावरची पाटी उतरणार, ही भीती त्याला सोडत नव्हती. "उद्या तुझा एखादा जुना दोस्त विचारत येईल, आणि ते खुशाल सांगतील, असं कोणी नाही इथे!"

तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं होतं.

"मघाशी कोणाचा फोन होता हो?" सुमेधाने विचारलं.

"राँग नंबर. कुणा सुनीताला कलावती हवी होती."

सुमेधाने गॅस बंद केला. हात धुऊन ओढणीला पुसले, सोफ्यावरचा फोन उचलला आणि तोच नंबर लावला.

"सुनी? हो गं, आहे. कलावतीच बोलतेय."