अंगठ्यांचा उजळा

"गाडी दारात नको ठेवू. मागं गोठ्याच्या सावलीत लाव, ऊन लई हाय," गुरम्मा म्हणाली.

हरिओमला तेच हवं होतं. निलंग्याच्या रस्त्यापासून आत, चहूबाजूंनी ऊस असलेल्या या एकट्या घरापाशी आपली मोटारसायकल कुणाच्या नजरेस पडू नये, एवढीच त्याला काळजी होती. दागिने उजळून देतो म्हणत तो गावोगाव हिंडायचा. आधी बायांचा तांब्याचा गडू पांढऱ्या भुकटीनं लख्ख करून दाखवायचा. त्यांचा विश्वास बसला की सोनं मागायचा. त्याच्या तेजाबाच्या वाटीतून सोनं चमकत बाहेर यायचं, पण हलकं होऊन. उतरलेलं वाटीतच राहायचं.

त्यानं लख्ख केलेल्या गडूकडं गुरम्मानं बघितलंही नाही. तिनं आतून तांब्याभर ताक आणलं.

"एकटाच फिरतूस का रे?"

"हाव, आजी."

"इकडं येतो म्हून घरी सांगितलंस?"

"या धंद्यात कोण सांगून निघतंय?" तो हसला. म्हातारी चांगलीच भोळी दिसत होती. "तुमची लेकरं कुठं असतेत?"

"पुण्याला. इकडं कुणी फिरकत न्हाई. पी ना, ताक तापंल."

ताक किंचित कडवट होतं. पण सकाळपासून हिंडून घशाला कोरड पडली होती. त्यानं तांब्या रिकामा केला.

गुरम्मानं पुढ्यात एक फडकं सोडलं. पाटल्या नव्हत्या, बोरमाळ नव्हती. सगळ्या अंगठ्याच, त्याही पुरुषांच्या. एकीचं माप दुसरीला नव्हतं.

"मालकाच्या का?"

"पाव्हण्यांच्या हायत. रिठ्याच्या पाण्यात भिजवल्या, मऊ बुरशानं घासल्या. खाचंतलं काळं काही निघंना."

पाव्हणे कोण, हे हरिओमनं विचारलं नाही. सोनं अस्सल होतं आणि म्हातारीची नजर अधू. त्यानं घाईघाईनं वाटीत तेजाब ओतलं, एक अंगठी चिमट्यात धरून आत बुडवली. खाचेतलं काळं सुटलं, आणि वाटीत तांबूस होऊन पसरलं.

चिमटा त्याच्या हातातून निसटला.

त्यानं बोटं झटकली. मुंग्या आल्या होत्या. तेजाब उडालं असेल, असं वाटून तो पाण्यासाठी उठू गेला, तर गुडघे जागचे हलेनात. हाक मारायला तोंड उघडलं, जीभ जड झाली होती.

"आजी…"

"बस, बस. धडपडू नको."

गुरम्मानं वाटी उचलून भिंतीकडेला सरकवली. मग ती त्याच्याजवळ टेकली, त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि नातवाचा घ्यावा तसा मायेनं कुरवाळला.

"ही तुझी अंगठी आत्ताच काढून घेते, बाबा," ती म्हणाली. "मागून बोटं फुगतेत, मग निघता निघत न्हाई."